शॅकल, हुक, चेन परदेशातून मागवताना: ऑर्डरपासून गोदामापर्यंतचा क्रम

रिगिंगच्या, म्हणजे भार बांधण्या-उचलण्याच्या, सामानाची परदेशी खरेदी फसते तेव्हा दरवेळी माल वाईट निघालेला असतो असं नाही. मागितलं एक, आलं दुसरं, आणि ऑर्डरमधल्या शब्दांत ते दुसरंही बसत होतं, असा प्रकार जास्त दिसतो. मग ईमेलची लढाई सुरू होते आणि ती बहुधा खरेदीदारच हरतो, कारण त्याच्या हातात भांडायला कागदच नसतो.

चूक क्रमाची असते. भाव आधी विचारतात, तपशील नंतर ठरवतात, तपासणी शेवटी करतात आणि पैसे त्याच्याही आधी देऊन मोकळे होतात. खालचा क्रम शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी), हुक, मास्टर लिंक (स्लिंगच्या माथ्याची मोठी कडी; स्लिंग म्हणजे भाराला अडकवायचा दोर किंवा साखळी), टर्नबकल (फिरवून ताण देणारा दुवा), चेन, वायररोप (पोलादी तारांचा दोर) आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या जड औद्योगिक सुट्या भागांसाठी आहे. यातला प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा आधार आहे, म्हणून मधला एखादा गाळू नका.

## १. भाव विचारण्याआधी तपशील लिहून काढा

पहिला प्रश्न मापाचा नाही, कामाचा आहे: हे सामान भार उचलायला वापरणार का? उत्तर ‘हो’ असेल तर निम्मे कॅटलॉग तिथेच बाद होतात. बाजारात ‘कमर्शियल’ नावाने मिळणारे शॅकल, डीआयएन १४८० (डीआयएन म्हणजे जर्मन मानक) चे टर्नबकल, जुन्या डीआयएन ७४१ घाटाचे वायररोप क्लॅम्प हे सगळं बांधायला, ताणायला, कुंपणाला ठीक आहे. भार उचलायला नाही. फोटोत मात्र हे आणि लिफ्टिंगचं सामान जुळ्या भावांसारखं दिसतं.

मग मानक लिहा. लिफ्टिंगच्या फोर्ज्ड (तापवून ठोकून घडवलेल्या) शॅकलसाठी युरोपात ईएन १३८८९ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) चालतं, तर अमेरिकी पद्धतीच्या मालासाठी आरआर-सी-२७१ हे फेडरल स्पेसिफिकेशन आणि एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेचं बी३०.२६. ग्रेड ८ (ताकदीचा एक वर्ग) च्या चेनला ईएन ८१८-२ आणि तिच्या हुक-लिंकना ईएन १६७७ चे भाग लागू होतात. मानकाचा नंबर न लिहिता ‘हाय क्वालिटी, हेवी ड्यूटी’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

आता माप. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून एक उदाहरण नीट बघू. ४.७५ टनाच्या बो शॅकलच्या (फुगीर गोल घाटाच्या) बॉडीचा व्यास १९ मिलिमीटर असतो आणि पिनचा २२. त्याच्या वरचा ६.५ टनाचा शॅकल घ्या: बॉडी २२ आणि पिन २५. आता कोणी नुसतं ‘२२ एमएम शॅकल’ असं मागवलं तर दोन्ही नग त्या वर्णनात बसतात. पुरवठादार स्वस्तातला पाठवतो आणि खोटंही बोलत नाही. म्हणून बॉडीचा व्यास, पिनचा व्यास, आतली रुंदी, आतली लांबी आणि सुरक्षित कार्यभार, म्हणजे डब्ल्यूएलएल, हे पाचही आकडे लिहा. सोबत साधं रेखाचित्र जोडा आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, द्या.

भाराच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला टनाचा. मेट्रिक टन १००० किलोचा, अमेरिकी शॉर्ट टन सुमारे ९०७ किलोचा आणि जुना ब्रिटिश लाँग टन सुमारे १०१६ किलोचा. ऑर्डरमध्ये नुसतं ‘टन’ लिहिलं की जवळपास दहा टक्क्यांची पळवाट उघडी राहते. किलो किंवा किलोन्यूटन लिहा. दुसरा सापळा ब्रेकिंग लोडचा, म्हणजे तुटण्याच्या भाराचा. ग्रेड ८ ची १० मिलिमीटर चेन ईएन मानकाप्रमाणे ३.१५ टन डब्ल्यूएलएलची असते आणि तुटते किमान १२६ किलोन्यूटनला, म्हणजे जवळजवळ १२.८ टनांना. हीच चेन एखाद्या यादीत ‘१२ टनी’ म्हणून दिसते. त्या आकड्यावर विसंबून कोणी खरंच बारा टन उचलायला गेलं तर पुढचं सांगायला नको.

डिझाइन फॅक्टरही, म्हणजे तुटण्याचा भार डब्ल्यूएलएलच्या किती पट तेही, लिहून द्या. चेन आणि तिच्या भागांना साधारण ४, वायररोप स्लिंगला ५, शॅकलला एएसएमईप्रमाणे १५० टनांपर्यंत ५ आणि त्यावर ४. त्याच आकाराच्या नगावर फॅक्टर बदलून भार वाढवून छापलेला माल मी पाहिला आहे. धातू तोच, छाप नवी.

शेवटी फिनिश. गंज नको म्हणून ‘सगळं हॉट डिप गॅल्व्हनाइझ करा’, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवा, ही मागणी धोक्याची आहे. झिंकची टाकी साधारण ४५० अंश सेल्सिअसला असते. ग्रेड ८ च्या चेनचं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून चिवट करणं) याहून कमी तापमानाला झालेलं असू शकतं, आणि मग टाकीत बुडवताना तिची ताकद उतरते. त्याआधीच्या ॲसिड धुलाईतून किंवा इलेक्ट्रोप्लेटिंगमधून हायड्रोजन पोलादात शिरतो. जास्त कठीण पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि भाराखाली काही तासांनी, कसलीही पूर्वसूचना न देता तडकतं. उत्पादकाने ज्या फिनिशला लेखी मान्यता दिली आहे तेच मागा. चेनला रंग किंवा पावडर कोटिंग पुरतं.

तपासा: तुमचा तपशिलाचा कागद अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमची गरज माहीत नाही. त्याला एकच वस्तू डोळ्यांसमोर दिसायला हवी. दोन दिसल्या तर कागद अपुरा आहे.

## २. माल जिथे वापरला जाणार तिथले नियम आधी बघा

युरोपीय संघात लिफ्टिंगची साधनं मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२ खाली येतात. सीई खूण (माल युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारी) आणि अनुरूपतेचं घोषणापत्र लागतं. २० जानेवारी २०२७ पासून त्याची जागा २०२३/१२३० हे मशिनरी रेग्युलेशन घेतं, त्यामुळे आज दिलेली ऑर्डर नेमकी कोणत्या तारखेला बाजारात उतरणार ते मोजा. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमांप्रमाणे रिगिंगच्या साधनावर सुरक्षित भार दाखवणारी कायमस्वरूपी, वाचता येणारी खूण असावी लागते. शिवाय आयात मालावर मूळ देशाचं नाव लागतं, ते वेगळं.

सावधान: शॅकलवर तुमच्या कंपनीचं नाव उमटवून घेणार असाल तर युरोपीय नियमांत तुम्हीच उत्पादक ठरता. तांत्रिक फाइल, घोषणापत्र, जबाबदारी, सगळं तुमच्या अंगावर येतं. नाव छापण्याचा मोह होण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्या.

## ३. पुरवठादार नेमका कोण आहे

कारखाना आणि व्यापारी दोघांकडून खरेदी करता येते. फक्त समोर कोण आहे ते माहीत हवं. व्यापाऱ्याकडून घेण्यात गैर काही नाही, तो लहान ऑर्डर एकत्र करून देतो. अडचण तेव्हा होते जेव्हा तो पहिली ऑर्डर एका फोर्जिंगवाल्याकडून आणि दुसरी भलत्याच ठिकाणाहून उचलतो.

थेट विचारा: फोर्जिंग कुठे होतं, हीट ट्रीटमेंट कोणाच्या भट्टीत, गॅल्व्हनायझिंग कोण करतं, टेस्टिंग मशीन कोणाचं, आणि त्याचं कॅलिब्रेशन आयएसओ ७५००-१ प्रमाणे शेवटचं कधी झालं? अस्सल कारखानदार याची उत्तरं दिवसभरात देतो, वर डायचे (घडवण्याच्या साच्यांचे) फोटोही पाठवतो. गोलमोल उत्तर आलं किंवा आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट पुढे सरकवलं गेलं तर समजून घ्या. आयएसओ ९००१ कारभाराच्या पद्धतीबद्दल आहे, तुमच्या शॅकलच्या ताकदीबद्दल नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचा नंबर तपासायला पाच मिनिटं लागतात, ती खर्च करा.

## ४. नमुना मागवा आणि तो तोडा

नमुना शोकेससाठी नसतो. प्रत्येक मापाचे निदान पाच-सहा नग मागवा आणि त्यांतले तीन स्वतंत्र प्रयोगशाळेत तुटेपर्यंत ताणून घ्या. त्या प्रयोगशाळेशी पुरवठादाराचा संबंध नको.

तुटण्याचा आकडा तर बघाच, पण नग तुटला कसा हेही बघा. चांगला फोर्ज्ड शॅकल आधी वाकतो, ताणला जातो, आकार बदलतो आणि मग तुटतो. खाडकन काचेसारखा दुभंगला तर आकडा पुरेसा असला तरी तो नाकारा. हीट ट्रीटमेंट चुकलेली असते किंवा नग ओतीव असतो. थंड हवामानात वापर असेल तर कमी तापमानाची इम्पॅक्ट टेस्ट (आघात सोसण्याची चाचणी) नमुन्याच्या वेळीच करून घ्या. नंतर कोणी करत नाही.

रसायनाची खात्री करताना एक बारकावा: हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) यंत्र स्टेनलेसमधलं मॉलिब्डेनम दाखवतं, त्यामुळे मॉलिब्डेनम असलेल्या ३१६ ग्रेडच्या नावाखाली ते नसलेलं ३०४ आलं तर पकडतं. पण कार्बन ते मोजू शकत नाही. मिश्र पोलादाच्या नगासाठी स्पार्क पद्धतीचं स्पेक्ट्रोमीटर लागतं.

मान्य झालेल्या नमुन्याचे दोन संच करा. एक सीलबंद तुमच्याकडे, दुसरा सीलबंद कारखान्यात. वजनाची नोंद ठेवा. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

## ५. ऑर्डर आणि पैसे

ऑर्डरमध्ये पहिल्या टप्प्यातला कागद परिशिष्ट म्हणून जोडा आणि ‘कोटेशन किंवा कॅटलॉग यांच्याशी विसंगती आल्यास हे परिशिष्ट ग्राह्य’ असं वाक्य टाका. शिवाय या गोष्टी हव्यात:

- प्रत्येक नगावर उत्पादकाची खूण, डब्ल्यूएलएल, ग्रेड आणि ट्रेसेबिलिटी कोड (नग कोणत्या लॉटचा ते सांगणारा). पिनवर वेगळी खूण, कारण पिना अदलाबदल होतात.
- सर्टिफिकेटचा प्रकार ईएन १०२०४ प्रमाणे. २.२ हा सर्वसाधारण चाचण्यांवर आधारलेला कागद असतो, त्यातले आकडे तुमच्या लॉटचे असतीलच असं नाही. निदान ३.१ मागा. मोठ्या भाराच्या किंवा समुद्रातल्या कामासाठी ३.२, ज्यावर खरेदीदाराच्या किंवा नियमाने नेमलेल्या निरीक्षकाचीही सही लागते.
- लॉटची व्याख्या: एक माप, एक हीट नंबर (पोलादाच्या एका ओताचा क्रमांक), हीट ट्रीटमेंटची एक खेप.
- रवानगीपूर्व तपासणीत नापास झालेल्या मालाचं काय, आणि फेरतपासणीचा खर्च कोणाचा.

इनकोटर्म्स २०२० (वाहतूक, विमा आणि जोखीम कोणाची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय व्यापारी नियम) मधला नियम ठरवताना विमा विसरू नका. सीआयएफवर (किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेलं) विकणाऱ्याने फक्त किमान विमा घ्यायचा असतो, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘सी’. त्यात चोरी नाही, कंटेनरमध्ये शिरलेल्या समुद्राच्या पाण्याने आलेला गंज नाही. म्हणजे या मालाचं जे नुकसान होऊ शकतं त्यातलं बरंचसं वगळलेलं. सीआयपीवर (वाहतूक आणि विमा विकणाऱ्याने भरलेला) सर्वांत व्यापक ‘ए’ क्लॉज येतो. किंवा विमा स्वतः घ्या, मला तेच बरं वाटतं.

एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैसे देण्याची हमी) उघडली म्हणजे सुरक्षित झालो, हा दुसरा गोड गैरसमज. यूसीपी ६०० या एल.सी.च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक कागद बघते, माल नाही. पेटीत विटा असल्या आणि कागद बरोबर असले तर पैसे जातात. म्हणून तुम्ही नेमलेल्या तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट एल.सी.च्या कागदांच्या यादीत घाला. यादीत नसेल तर बँक ते मागणार नाही. आणखी एक: प्रमाणात पाच टक्के कमी-जास्त चालण्याची यूसीपीतली सवलत नगांत लिहिलेल्या ऑर्डरला मिळत नाही. थोडंफार चालणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर दहा नग कमी निघाले म्हणून सगळे कागद अडकतात.

## ६. रवानगीपूर्व तपासणी

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि गर्दीत नेमका हाच गाळला जातो. माल पॅक होण्याआधी, शेवटचा हप्ता देण्याआधी आणि कंटेनर बुक करण्याआधी निरीक्षक कारखान्यात पोचला पाहिजे. कंटेनर दारात उभा असताना केलेली तपासणी ही सहीपुरतीच असते.

नमुने कोणते उचलायचे ते निरीक्षकाने ठरवावं. समोर मांडून ठेवलेल्या ताटातले नकोत, तर पॅलेटच्या तळातले, मधले. किती घ्यायचे यासाठी आयएसओ २८५९-१ चे तक्ते वापरतात. तोडायच्या नगांची संख्या वेगळी ठरवा.

मग हा क्रम:

खुणा. नगावरचा कोड आणि सर्टिफिकेटवरचा कोड जुळवा, अक्षर-अक्षर. ‘बी’ आणि ‘८’, ‘ओ’ आणि शून्य यांत गफलत होते. लॉटमध्ये सर्टिफिकेटवर नसलेला तिसराच कोड दिसला तर तपासणी थांबवा. बहुतेक वेळा ते जुन्या स्टॉकमधून भरती केलेले नग असतात.

वजन. दहा नग एकत्र तोला आणि मान्य नमुन्याशी ताडा. ४.७५ टनाचा बो शॅकल सुमारे सव्वा किलोचा भरतो. कॅलिपरने दोन ठिकाणी मोजून न सापडणारी काटकसर वजनकाटा लगेच दाखवतो.

फिरकी. पिन हाताने, पान्याशिवाय, खांद्यापर्यंत पूर्ण बसली पाहिजे. गॅल्व्हनाइझ केलेल्या मालात आट्यांत झिंक साचतं आणि पिन शेवटच्या दोन आट्यांत अडकते. कारखान्यात टॅप फिरवून हे सुटतं, पण जास्त टॅप केलं की पिन सैल होऊन डुगडुगते. दोन्ही बघा.

पृष्ठभाग. कातरलेल्या फ्लॅशची (साच्याबाहेर आलेल्या धातूच्या कडेची) बारीक रेषा फोर्जिंगची असते, ती चालते. तिथे घडी किंवा चीर दिसली तर मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी (चुंबकीय भुकटीने चीर दाखवणारी) करून घ्या. वेल्डिंगने बुजवलेला खड्डा आणि त्यावर ग्राइंडर, हे सरळ नापास.

प्रूफ लोड, म्हणजे चाचणीचा जादा भार. तयार स्थितीतल्या, म्हणजे फिनिश झालेल्या नगावर, निरीक्षकाच्या समोर. ईएन १३८८९ च्या शॅकलला डब्ल्यूएलएलच्या दुप्पट, ईएन १६७७-१ च्या भागांना अडीचपट. चाचणीआधी आणि नंतर आतली रुंदी मोजा. रुंदीत कायमचा फरक राहिला तर नग गेला.

कठीणपणा. बॉडी आणि पिन दोघांचा. नगा-नगांत कठीणपणाची मोठी तफावत म्हणजे बहुधा भट्टीत माल खच्चून भरला होता.

सर्टिफिकेटवरचे आकडेही वाचा. पाच नगांचा ब्रेकिंग लोड दशांशापर्यंत एकसारखा छापलेला दिसला की मला शंका येते. खरी चाचणी थोडी विखुरलेलीच असते.

सावधान: ‘तपासणीत किरकोळ त्रुटी, रवानगीनंतर सुधारू’ या आश्वासनावर माल सोडू नका. जहाजात चढलेल्या शॅकलचे आटे कोणी दुरुस्त करत नाही.

## ७. पॅकिंग आणि कंटेनर

या मालात कंटेनर जागेने भरत नाही, वजनाने भरतो. म्हणून २० फुटी घ्या. त्यावर बहुधा ३०,४८० किलोची कमाल मर्यादा लिहिलेली असली तरी पोचण्याच्या ठिकाणची रस्त्यावरची मर्यादा बहुधा त्याहून कमी असते. ती आधी विचारा. पॅलेट लहान आणि जड असतात, त्यामुळे वजन थोड्या जागेत एकवटतं. फळ्या टाकून ते जमिनीवर पसरवा, पॅलेट मध्यरेषेभोवती ठेवा आणि ठोकळ्यांनी जखडा. सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनचं आंतरराष्ट्रीय मानक) ची खूण हवी. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचं तापमान निदान ३० मिनिटं ५६ अंश राहावं लागतं. खूण नसलेली एक फळी सापडली तरी पूर्ण खेप अडू शकते. कारखान्यातला माणूस ठोकळा कमी पडला की हाताला लागेल ते लाकूड ठोकतो, हे लक्षात असू द्या.

गंजाचा मुख्य शत्रू समुद्राचं पाणी नसून कंटेनरच्या छताला साचून खाली टपकणारं दव आहे. ओलं लाकूड आणि गरम असतानाच गोण्यांत भरलेला ओलसर माल यांतून ते बहुधा येतं. माल पूर्ण कोरडा करून पॅक करा, काळ्या (गॅल्व्हनाइझ न केलेल्या) मालाला व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारा) कागद वापरा आणि आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या टांगा. ताजं गॅल्व्हनाइझ केलेलं सामान हवाबंद प्लास्टिकमध्ये ओलं कोंडलं तर त्यावर पांढरी पावडर धरते.

पॅकिंगच्या वेळी लॉट मिसळू देऊ नका. एका पेटीत एकच कोड, आणि तोच कोड पेटीबाहेर.

## ८. कागदपत्रं आणि कस्टम

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती), मूळ देशाचं प्रमाणपत्र, टेस्ट सर्टिफिकेटं, तपासणी अहवाल. सगळ्यांवर वर्णन शब्दशः एकच हवं. एल.सी.त कागद रवानगीनंतर २१ दिवसांच्या आत सादर करायचे असतात, वेगळं ठरलं नसेल तर.

एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) स्वतः तपासा. चेन ७३१५ मध्ये, वायररोप आणि तिच्या स्लिंग ७३१२ मध्ये, बोल्ट, नट, कॉटर पिना ७३१८ मध्ये, शॅकल साधारणपणे ७३२६ मध्ये, चेन पुली ब्लॉक आणि हॉइस्ट ८४२५ मध्ये, त्यांचे सुटे भाग ८४३१ मध्ये. सगळं एकाच ‘लोखंडी वस्तू’ कोडखाली घालणं सोपं वाटतं, पण वायररोप आणि पोलादी मालावर अनेक देशांत अँटी-डम्पिंग (फार स्वस्त आयातीविरुद्धची) किंवा वेगळी जादा ड्युटी असते, आणि चुकीचा कोड नंतर दंडासह वसूल होतो. युरोपात ७३१८ आणि ७३२६ हे दोन्ही सीबीएएम या कार्बन कराच्या कक्षेत आहेत. त्याची खरी आकारणी १ जानेवारी २०२६ पासूनची, आणि उत्सर्जनाचे प्रत्यक्ष आकडे कारखान्याकडूनच येतात. ते ऑर्डरच्या वेळी कबूल करून घ्या.

## ९. माल उतरल्यावर

कंटेनर उघडण्याआधी सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगशी ताडून फोटो काढा. दार उघडताना, रिकामा होताना, प्रत्येक पॅलेटचा फोटो. गंज किंवा तूट दिसली तर वाहतूकदाराच्या पावतीवर तिथेच शेरा मारा. कोऱ्या सहीनंतर विमा कंपनीशी बोलणं फार लांबतं.

माल थेट रॅकवर लावू नका. वेगळ्या जागेत ठेवा, ‘तपासणी बाकी’ अशी पाटी लावा, आणि प्रत्येक लॉटमधले काही नग पुन्हा मोजा: कोड, वजन, पिनची फिरकी. रवानगीपूर्व तपासणीत पास झालेला माल आणि तुमच्यापर्यंत पोचलेला माल एकच आहे ना, एवढंच इथे बघायचं. मग गोदामात लॉटप्रमाणे वेगळे डबे करा आणि विक्रीच्या बिलावर ट्रेसेबिलिटी कोड छापा. उद्या एका लॉटबद्दल तक्रार आली तर तो कोणाकोणाकडे गेला हे तासाभरात सांगता आलं पाहिजे.

नापास नगांचं एकच करा: बॉडी आणि पिन दोन्ही कापून मगच भंगारात द्या. अख्खा टाकलेला शॅकल कोणीतरी उचलतो, पुसतो आणि वापरतो.